राबणाऱ्याच्या मनाची सेवा
(बार्शीटाकळी येथील निरूपण)

आज एका निराळ्याच विषयाला हात घालतो. विषय निराळा वाटेल, पण परका नाही. तो तुमच्या घरातला आहे, तुमच्या रोजच्या भाकरीचा आहे.

मायबाप हो, या मंडपात कोण कोण बसले आहे? कोणी जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत उभा राहणारा आहे. कोणी अकोल्याच्या दालमिलमध्ये पोती उचलतो. कोणी बाजार समितीत मापारी आहे, कोणी एस.टी.चा वाहक, कोणी विजेच्या खांबावर चढणारा, कोणी तलाठी, कोणी शिक्षक. आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. कोणाचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, आणि तो दिवाळीला आला तरी फोनवर कामच करीत होता, असे त्याची आई सांगते. आता मला सांगा, देवळात आपण किती वेळ असतो? काकड्याला तासभर, हरिपाठाला अर्धा तास. आणि कामावर? आठ तास, दहा तास, कोणी बारा तास. मग जो धर्म तासाभराचा आहे आणि दहा तासांच्या ठिकाणी ज्याचा पत्ता नाही, त्याला धर्म कसा म्हणावा? म्हणून आज आपण कामाच्या ठिकाणी माणसाचे मन कसे राहते, ते का खचते, आणि ते खचले तर वारकऱ्याने काय करावे, याचा विचार करू.

प्रथम गीतेकडे पाहू. गीतेचा आरंभ कशाने झाला? ज्ञानाने नव्हे, भक्तीने नव्हे. विषादाने झाला. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन काही घरी बसून खचलेला नाही. तो आपल्या कामाच्या ठिकाणी उभा आहे. क्षत्रियाचे काम युद्ध, त्याचे ठिकाण रणांगण. त्या ठिकाणी त्याचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरे सुटले, त्वचेचा दाह झाला, हातातले गांडीव निसटले, उभे राहवेना, डोके भ्रमू लागले. आजच्या डॉक्टरपुढे ही लक्षणे सांगितली तर तो काय म्हणेल? तो हसणार नाही, जपून लिहून घेईल. आणि अर्जुन भित्रा होता काय? तिन्ही लोकांत ज्याच्या धनुष्याचा दरारा, त्याची ही गत. तेव्हा मन खचणे हे दुबळ्याचे लक्षण आहे, ही समजूत गीतेच्या पहिल्याच अध्यायात खोटी पडते.

आता भगवंताने काय केले ते पाहा. पहिल्या अध्यायाचे श्लोक ४७. त्यात देव किती बोलले? रथ मधे उभा करून, हे जमलेले कौरव पाहा, एवढेच. बाकी सारा वेळ देवाने ऐकले. अर्जुन बोलतो आहे, उलटसुलट बोलतो आहे, आणि त्रैलोक्याचा धनी घोड्यांचे लगाम हातात धरून ऐकतो आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी देवाने दोन श्लोक रागावून पाहिले. हे काय भलतेच, हे तुला शोभते काय, ऊठ. त्याने काय झाले? काही झाले नाही. अर्जुन आणखी बोलला, मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. सज्जन हो, हे ध्यानात धरा. प्रत्यक्ष परमात्म्याचा दरडावणीचा शब्दसुद्धा खचलेल्या मनाला उठवू शकला नाही, तिथे मुकादमाचा आणि साहेबाचा शब्द काय उठवणार? मग देवाने रीत बदलली. हसून, शांतपणे, अर्जुनाच्या एकेका शंकेला उत्तर देत अठरा अध्याय सांगितले. आणि शेवटी हुकूम सोडला नाही. सगळे सांगितले, आता विचार कर आणि तुला वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याचा त्याला दिला. आधी ऐकणे, मग समजावणे, शेवटी त्याचा मान त्याच्या हाती ठेवणे. खचलेल्या माणसाला उभे करण्याची ही देवाची रीत. आणि हे सारे देवाने कुठे बसून केले? सिंहासनावर नव्हे. सारथ्याच्या जागेवर बसून. सारथी म्हणजे बरोबर काम करणारा सोबती.

इथे एखादा म्हणेल, "महाराज, हे सगळं ठीक हाये, पण ज्याच्या मुखात नाम हाये त्याचं मन कायले खचन? त्याची भक्तीच कच्ची असंन." बाप हो, हा फार कठोर शब्द आहे. तो उच्चारण्यापूर्वी देहूकडे पाहा. सन १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांचे दुकान बुडाले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. चारचौघांत मान गेला, दिवाळे निघाले. महाराजांच्या जिवाला किती यातना झाल्या असतील! ते गाव सोडून डोंगरावर एकांतात जाऊन बसले. तेव्हा त्यांना कोणी, तुमची भक्ती कच्ची, असे म्हणाले असते तर ते म्हणणाऱ्याचे अज्ञान ठरले असते. आणि परंपरा सांगते, डोंगरावरून परत आल्यावर त्यांनी पहिले काम काय केले? सावकारीची खतपत्रे काढली. भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. ज्याने स्वतः मनाची तगमग सोसली, त्याने आधी दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरविले. लोकांना उपदेश नंतर केला, कर्ज आधी बुडविले.

आपल्या वऱ्हाडचेच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवलेले गाडगेबाबा. बाबांनी सांगितलेल्या रोकड्या धर्माची दहा कलमे धर्मशाळांच्या भिंतींवर आजही वाचायला मिळतात. त्यात रोग्याला औषधोपचार हे एक कलम आहे, आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत हे दुसरे कलम आहे. बाबांनी दोन्ही वेगळी सांगितली. का? कारण औषधाच्या ठिकाणी औषध लागते आणि धीराच्या ठिकाणी धीर. नुसत्या धीराने ताप उतरत नाही आणि नुसत्या गोळीने एकटेपणा जात नाही. मनाच्या आजाराला बहुधा दोन्ही लागतात. ज्या बाबांनी आयुष्यभर नवसाला आणि अंगात येण्याला झाडू मारला, त्यांच्या मुलखात आपण खचलेल्या पोराला आधी मांत्रिकाकडे नेतो, मग अंगारा लावतो, मग लग्न लावून देतो, आणि सगळे फसले की डॉक्टर आठवतो. हे आता सोडले पाहिजे. नाम घ्यावे, अवश्य घ्यावे. पण डोळ्याला मोतीबिंदू झाला तर आपण नामही घेतो आणि ऑपरेशनही करतो. मनाला निराळा न्याय कशाला?

हा आजार किती जणांना होतो? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ साली देशाची पाहणी केली. त्यात प्रौढ माणसांपैकी शंभरात दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनाचा विकार असल्याचे दिसले, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नैराश्य आणि चिंता या दोन विकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. २०२४ साली १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा विषयच कामाच्या ठिकाणचे मन हा होता. म्हणजे ही एकट्या बार्शीटाकळीची गोष्ट नाही. पण आपल्याला जगाची दिंडी काढायची नाही, आपल्या गावची सांभाळायची आहे. शंभरात दहा, म्हणजे या मंडपात किती झाले, ते तुम्हीच मोजा. आणि शेजारी बसलेल्याकडे जरा प्रेमाने पाहा.

मन खचते ते ओळखावे कसे? त्याचा टाळ चुकू लागतो. जो माणूस रोज पहाटे उठे तो उठत नाही, किंवा रात्र रात्र जागाच असतो. जेवण जात नाही. बोलका गप्प होतो, गरीब स्वभावाचा एकाएकी तणतणू लागतो. हिशेबात कधी न चुकणारा वरचेवर चुकतो. कामाला दांड्या मारतो. पेला हातात धरतो. आवडीचे भजन लागले तरी चेहरा हलत नाही. माझ्यात काही राम राहिला नाही, मी सगळ्यांना ओझे झालो, असे बोलू लागतो. असे दोन दिवस चालले तर शीण म्हणावा, पण दोन आठवडे चालले तर तो शीण नव्हे, दुखणे आहे. आपण मात्र काय म्हणतो? "कामचोर झाला." "नाटकं करून रायला." "पोट्ट्याले काही कमी हाये काय?" हा शब्द दुखण्यावर मीठ आहे.

कामाच्या ठिकाणी माणूस का खचतो, याचीही चार कारणे समजून घ्या. पहिले, ओझे झेपेल त्याहून जास्त आणि विसावा नाही. दुसरे, चारचौघांत पाणउतारा. तिसरे, उद्याचा भरवसा नाही: नोकरी राहील का, पगार होईल का. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला. महिनोन् महिने घरात पगार नाही. त्या काळात आपल्याच राज्यात काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला, हे आपण विसरता कामा नये. आणि चौथे, सगळ्यांत वाईट कारण: सांगायला कोणी नाही. पहिली तीन दुःखे माणूस सोसतो. चौथे सोसत नाही.

आता या चारांवर उपाय काय? सज्जन हो, उपाय शोधायला विलायतेला जावे लागत नाही. आपली वारीच पाहा. लाखो माणसे, पंधरा-वीस दिवसांची चाल, ऊन, पाऊस, चिखल. तरी माणूस खचत नाही, उलट उजळून घरी येतो. कशाच्या बळावर?

पहिली गोष्ट, विसावा. पालखीला सकाळचा विसावा ठरलेला, दुपारचा ठरलेला. माउलींची पालखी आहे, देवाचे काम आहे, म्हणून बिनथांबा चाला, असे कोणी म्हणत नाही. देवाच्या कामाला विसावा आहे आणि दालमिलच्या कामाला नाही, हे कसे? सप्ताहातली वीणा पाहा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. पण म्हणून एकच माणूस सात दिवस वीणा घेऊन उभा राहतो काय? पहारे लागतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. वीणा अखंड असते, वीणेकरी अखंड नसतो. जो मालक एकाच माणसाच्या गळ्यात कामाची वीणा अखंड अडकवून ठेवतो, त्याने सप्ताहाला पंगत घातली तरी त्याला सप्ताह कळला नाही.

दुसरी गोष्ट, मान. वारीत आपण लहानाच्याही पाया पडतो. ज्याच्या पाया पडलो, त्याला उद्या चारचौघांत आईबहिणीवरून बोलता येते काय? चूक झाली तर सांगावी, पण बाजूला घेऊन सांगावी. नाथमहाराजांचे चरित्र आठवा. ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे होते आणि हिशेबाचे काम पाहत होते. एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. उत्तररात्री चूक सापडली आणि आनंदाने टाळी वाजली. त्या टाळीने स्वामी जागे झाले. ही कथा आपण नाथांच्या एकाग्रतेसाठी सांगतो. आज थोडे स्वामींकडे पाहा. ते किल्ल्याचे अधिकारी होते. अंथरुणातून ओरडून, हा काय गोंधळ, असे म्हणता आले असते. ते उठून नाथांजवळ गेले, काय झाले ते विचारले, आणि त्या पोराच्या ठायी काय शक्ती आहे हे ओळखून तिला परमार्थाची वाट दाखविली. वरिष्ठ असावा तर असा. वही तर पाहतोच, वही लिहिणाऱ्याचा चेहराही पाहतो. आणि त्याच्या उलटही कथा आहे. एकदा स्वामी समाधीत असताना गडावर परचक्र आले. नाथांनी स्वामींना जागे केले नाही. त्यांचा पोशाख अंगावर चढवला, घोड्यावर बसले आणि गड राखला. वरिष्ठाचा भार कनिष्ठाने न सांगता उचलला. तेव्हा साहेबालाही मन असते, तोही वरून दाबला जातो, हे खालच्यांनी विसरू नये.

तिसरी गोष्ट फार मोलाची आहे. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालतो. मग चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. सगळीकडे शांतता आणि तेवढाच एक टाळ. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झाले ते विचारतात, समाधान करतात. ते झाले की हरवले-सापडले पुकारतात, आणि मग आरती. मायबाप हो, काय थोर शिस्त आहे ही! तक्रार करणाऱ्याला कोणी बंडखोर म्हणत नाही. आधी चोपदार त्याच्याकडे जातो, मग देवाची आरती होते.

आता आपापल्या जिनिंगमध्ये, शाळेत, कचेरीत, डेपोत असा चोपदार आहे काय? दिवस संपताना, आठवडा संपताना, कोणाचा टाळ अजून वाजतो आहे हे ऐकणारा कोणी आहे काय? नसेल तर नेमा. मोठा खर्च नाही. एक विश्वासाचा, पोटात गोष्ट ठेवणारा माणूस, आणि ऐकण्यासाठी राखलेला थोडा वेळ. बायका कामाला असतील तर एक बाईही असावी, कारण काही दुःखे पुरुषासमोर तोंडातून निघत नाहीत. आणि ज्याने तक्रार सांगितली त्याच्यावर डूख धरायचा नाही, ही शपथ मालकाने विठ्ठलाच्या पायावर घ्यावी.

साध्या माणसाने ऐकल्याने खरोखर काही होते का, अशी शंका येईल. आपल्याच शेजारी झालेले काम सांगतो. २०११ नंतरच्या काही वर्षांत अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत एक उपक्रम झाला. नावही कसे सुंदर, विश्राम. त्यात गावातलीच साधी माणसे शिकवून तयार केली. त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलायचे, दुःखिताचे ऐकून घ्यायचे, धीर द्यायचा, आणि गरज वाटली तर डॉक्टरपर्यंत न्यायचे. आधी नैराश्याने पिडलेल्या शंभरांतले चारच जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर सत्तावीस घेऊ लागले. २०१७ साली हे काम जगाच्या वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. करणारे कोण? गावातलीच माणसे. ती तुमच्या-आमच्याहून निराळी नव्हती. शासनानेही २०१५ साली अकोल्यासह चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा नावाचा प्रकल्प काढला. शेतही कामाचेच ठिकाण आहे, फक्त तिथे मालक आभाळ असते आणि ते ऐकत नाही. म्हणून शेजाऱ्याने अधिक ऐकावे.

आता कायद्याच्या दोन गोष्टी. त्या ठाऊक असणे हाही धर्मच आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवेचा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने मनाच्या आजारावर सरकारी व्यवस्थेत उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला, त्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो माणूस गुन्हेगार नसून भारी ताणाखाली होता असे समजावे व त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले. २०१६च्या दिव्यांगांच्या कायद्याने आणखी सांगितले की सरकारी नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले, मनाच्या आजाराने आलेलेही त्यात येते, तर त्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा उतरवता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. तेव्हा नोकरी जाईल या भीतीने दुखणे लपवू नका. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात. आणि जाणे लगेच जमत नसेल तर १४४१६ हा क्रमांक पाठ करा. टेलिमानस नावाची ही शासनाची फुकट सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसा, रात्री, केव्हाही फोन करा, मराठीत बोला.

आणि एक नाजूक गोष्ट. सोबतीच्या तोंडून, आता जगण्यात काही नाही, असा शब्द आला तर घाबरून विषय बदलू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "भाऊ, जीव द्यायचा विचार मनात येते काय?" विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट छातीवरचा दगड हलतो. मग त्याला एकटे सोडू नका, घरच्यांना कळवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. "पाहू उद्या" म्हणू नका.

आता जनाबाईचे आख्यान घेऊ आणि निरूपण आवरू. गंगाखेडची ही पोर नामदेवरायांच्या घरी राबायला राहिली. दळण, कांडण, शेण, पाणी, भांडी. राबणाऱ्याचे दुःख काय असते ते जनाबाईला विचारावे. पहाटेच्या अंधारात एकटी जात्यावर बसलेली. तेव्हा पांडुरंग तिच्याकडे आले. येऊन त्यांनी काय केले? प्रवचन केले? नशिबाचे भोग आहेत, सोसावे, असे सांगितले? नाही. तिच्या समोर बसले आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला. दळण तिचेच राहिले, जाते तेच राहिले, पण खुंट्यावर दुसरा हात आला. जाते ओढणाऱ्या माझ्या मायबहिणींना विचारा, दुसरा हात आला की दगड किती हलका होतो!

आणि पुढे काय झाले? देवाच्या गळ्यातले पदक जनाबाईकडे सापडले. बडव्यांनी तिच्यावर चोरीचा आळ घेतला. राबणाऱ्या गरिबावर आळ घेणे किती सोपे! तिला सुळाची शिक्षा झाली. कथा सांगते की त्या सुळाचे पाणी झाले. आपण चमत्कारापुढे हात जोडतो. पण एक प्रश्न विचारा. तिला चंद्रभागेकडे नेत असताना सारे गाव पाहत होते. ही असे करणार नाही, एवढे एक वाक्य कोणी बोलले काय? आजही कचेरीत एखाद्यावर खोटा आळ येतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसे मान खाली घालून कागद चाळतात. त्याचे मन आळाने अर्धे मोडते, आणि उरलेले त्या खाली घातलेल्या माना पाहून मोडते.

आता चोखोबाराय. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. वेठीला धरलेले मजूर भिंत बांधीत होते, त्यांत चोखोबा होते. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि कित्येक मजूर गाडले गेले. गावाला मजुरांची काय किंमत? दगडांत दगड आणि हाडांत हाडे मिसळून गेली. तेव्हा नामदेवराय पंढरीहून निघाले, त्या ढिगाऱ्यात उतरले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, उराशी धरून पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही आपण नामदेव पायरीचे दर्शन घेऊन वळतो ते चोखोबांच्याच समाधीकडे.

याच्या शेजारी आजची एक गोष्ट ठेवतो. २०२४ साली पुण्यात एका मोठ्या हिशेबतपासणीच्या कंपनीत काम करणारी २६ वर्षांची मुलगी वारली. नोकरी लागून चारच महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिले आणि ते देशभर वाचले गेले. कामाच्या ओझ्याने पोर गेली, असे आईचे म्हणणे होते. कंपनीने ते मानले नाही. तो वाद आपला नाही. पण त्या पत्रात एक गोष्ट होती, ती ऐकून काळजात चर्र होते. मुलीच्या अंत्यविधीला कचेरीतले कोणीही आले नव्हते. सज्जन हो, एका मजुराची हाडे शोधायला नामदेवराय ढिगाऱ्यात उतरले, त्यांचे आपण वारस. आपल्या शेजारी बसून काम करणारा गेला तर आपण खांदा द्यायला जातो का? आणि त्याहून महत्त्वाचे, तो जिवंत असताना त्याच्या ढिगाऱ्यात उतरतो का? हाडे ऐकण्यापेक्षा माणूस ऐकणे सोपे आहे.

आपल्या गावातले देवीचे जुने हेमाडपंती देऊळ पाहा. दगडावर दगड ठेवून शेकडो वर्षे उभे आहे. का? कारण प्रत्येक दगडाने शेजारच्या दगडाचा भार थोडा थोडा घेतला आहे. एकाच्याच डोक्यावर सारा भार आला असता तर तो केव्हाच तडकला असता. गाव, गिरणी, कचेरी, डेपो यांनी असेच उभे राहावे.

तर उद्यापासून प्रत्येकाने एकेक नेम घ्या. जो मालक आहे, साहेब आहे, मुकादम आहे, त्याने पगार वेळेवर द्यावा, विसावा मोडू नये, चूक बाजूला घेऊन सांगावी आणि चोपदार नेमावा. जो सोबती आहे, त्याने दिवसातून एकदा शेजाऱ्याला विचारावे, "कसं हाये भाऊ?" आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावे. जो घरचा आहे, त्याने दमून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे, मग प्रश्न. आणि जो स्वतः खचला आहे, त्याने लाजू नये. त्याने आपला टाळ वाजवीत राहावे. सगळे थांबले तरी थांबू नये. कोणी ना कोणी चोपदार ऐकेल, आणि तो ऐकेल तेव्हाच पांडुरंगाची आरती पुरी होईल.

हीच राबणाऱ्याची सेवा, हीच विठ्ठलाची सेवा. एवढे बोलून ही वाक्सेवा संतचरणी अर्पण करतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!